रेल्वेची खरखर संगणक पुसेल का? खोडदच्या दुर्बिणीतून आकाशाचे चित्र कसे तयार होते

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की हल्ली जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात एक नाव हमखास येते, ते म्हणजे खोडदची जीएमआरटी. या रेडिओ दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल म्हणून मूळ मार्ग बदलायचा, असे रेल्वेमंत्र्यांनी सांगितले आणि अहिल्यानगर-शिर्डीकडून जाणाऱ्या नव्या आखणीची चर्चा सुरू झाली. ज्यांच्या दारावरून गाडी जाणार होती ते चिडले, यात नवल नाही. या वादात एक प्रश्न वारंवार कानावर पडतो आणि तो मुळीच बाळबोध नाही. मोबाइल आजकाल बोलण्यामागचा गोंगाट काढतो, अंधारातला फोटो स्वच्छ करतो. मग दुर्बिणीच्या चित्रातली रेल्वेची खरखर संगणकाला का काढता येऊ नये?

खरे सांगायचे तर संगणक बरीच खरखर काढतो. याच दुर्बिणीने टिपलेल्या जवळजवळ सगळ्या आकाशाची चित्रे माणसाचा हात फारसा न लागता संगणकाने तयार केली आहेत. तरीही त्याची एक हद्द आहे. ती नेमकी कुठे आहे हे समजायचे तर ही दुर्बीण पाहते कशी, इथपासून सुरुवात करायला हवी.

## दुर्बीण फोटो काढत नाही

खोडद आणि आसपासच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या आहेत. त्यांतल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यभागात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर पसरल्या आहेत. टोकाच्या दोन डिशमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. ही दुर्बीण उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरायची युक्ती काढली, म्हणून इतक्या मोठ्या डिश परवडल्या. जाळीतून वारा आरपार जातो, मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी मात्र परतवल्या जातात.

यांपैकी कोणत्याही डिशमध्ये कॅमेरा नाही. १५० मेगाहर्ट्झ या कमी वारंवारतेवर लहरीची लांबी दोन मीटर असते. अशा लहरींनी पाहताना एकट्या डिशला आकाशाचा सुमारे तीन अंशांचा तुकडा, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने मावतील एवढा भाग, एकच ठिपका वाटतो. तपशील मिळतो तो डिशच्या जोड्यांमधून. एकच लहर दोन डिशवर किंचित वेगवेगळ्या क्षणी पोचते. त्या फरकात ती कोणत्या दिशेने आली याची माहिती दडलेली असते. डिश जितक्या दूर, तितकी दिशा नेमकी.

३० डिशच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी शेकडो बारीक वारंवारता-पट्ट्यांत, दर काही सेकंदांनी एकेक आकडा नोंदवते. दुर्बिणीतून बाहेर पडतो तो हा आकड्यांचा ढीग. फूरिए रूपांतर नावाच्या गणिताने त्याचे चित्र बनवता येते, पण पहिले चित्र पाहवत नाही. डिशच्या मधल्या मोकळ्या जागांतून काहीच मोजले गेलेले नसते, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याभोवती खोट्या लाटा आणि पट्टे उमटतात. १९७४ मध्ये यान हॉगबोम या खगोलशास्त्रज्ञांनी यावर एक साधा उपाय सुचवला. चित्रातला सर्वांत तेजस्वी बिंदू घ्यायचा, अशा बिंदूभोवती किती आणि कशा खोट्या लाटा उमटतात हे आपल्याला माहीतच असते, त्यांचा थोडा अंश वजा करायचा, पुन्हा सर्वांत तेजस्वी बिंदू शोधायचा, आणि हे हजारो वेळा करत राहायचे. पन्नास वर्षे झाली तरी या क्षेत्राचा गाडा याच कल्पनेवर चालतो. इतके कंटाळवाणे काम संगणकाकडे गेले नसते तरच आश्चर्य.

## खरी डोकेदुखी डोक्यावर ३०० किलोमीटर

इथपर्यंतचे गणित सगळ्याच वारंवारतांना लागू आहे. कमी वारंवारतेचे खास दुखणे म्हणजे आयनांबर, सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेला वातावरणाचा वरचा थर. तो साधारण ६० किलोमीटरपासून वर शेकडो किलोमीटर पसरलेला असतो आणि सर्वांत दाट तीनशेच्या आसपास असतो. त्यातून येताना रेडिओ लहर वाकते, आणि लहर जितकी लांब तितकी जास्त. एखादा स्रोत आपल्या जागेवरून किती सरकलेला दिसेल हे लहरीच्या लांबीच्या वर्गावर ठरते. म्हणजे १४०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत १५० मेगाहर्ट्झला हे सरकणे ऐंशी-नव्वद पटींनी वाढते. शिवाय हा थर स्थिर नसतो. त्यात लाटा उठतात, ढगासारखे दाट-विरळ पट्टे वाहतात आणि आपल्या अक्षांशांवर सूर्यास्तानंतर तर तो फारच अस्वस्थ होतो. दुर्बिणीला जागा निवडताना हेही पाहिले गेले होते. रेडिओ गोंगाट कमी, पुणे जवळ, आणि चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेला, म्हणजे आयनांबर त्यातल्या त्यात शांत.

विहिरीत वाकून तळाचे दगड पाहा. पाणी हलत असेल तर दगड डुलताना दिसतात, आणि सगळे एकाच दिशेला डुलत नाहीत. एक डावीकडे सरकतो तेव्हा दुसरा उजवीकडे, कारण प्रत्येकाच्या वरची लाट वेगळी. आता त्यातल्या पाच-दहा मोठ्या दगडांची खरी जागा तुम्हाला आधीपासून ठाऊक असेल, तर कोणता दगड या क्षणी किती सरकला यावरून पाण्याच्या पृष्ठभागाचा आकार काढता येईल. आणि तो आकार कळला की ज्यांची जागा ठाऊक नाही असे खडेही आपापल्या जागी बसवता येतील.

कमी वारंवारतेच्या स्वयंचलित प्रक्रियेचा गाभा हाच आहे. मोठे दगड म्हणजे त्या क्षेत्रातले तेजस्वी रेडिओ स्रोत. जुन्या पद्धतीत अख्ख्या क्षेत्राला एकच दुरुस्ती लावत. एका टोकाचे स्रोत जागेवर आले की दुसऱ्या टोकाचे आणखी बिघडत. तीन अंशांच्या क्षेत्रात प्रत्येक दिशेची दुरुस्ती वेगळी असायला हवी हे सगळ्यांना कळत होते. पण एकेका क्षेत्रासाठी ते हाताने करायचे म्हणजे अनुभवी माणसाचे दिवसच्या दिवस जायचे.

## पुण्याची निरीक्षणे, इंटेमाची पाइपलाइन

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्रातल्या, म्हणजे एनसीआरएतल्या, खगोलशास्त्रज्ञांनी १५० मेगाहर्ट्झवर सगळे दिसू शकणारे आकाश टिपायचे ठरवले. या प्रकल्पाचे नाव टीजीएसएस. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात दोन हजारांहून अधिक तासांची निरीक्षणे झाली आणि ५३३६ क्षेत्रे टिपून झाली. काही भागांची चित्रे प्रकल्पाच्या गटाने टप्प्याटप्प्याने जाहीर केली. पुढे हाच कच्चा डेटा घेऊन हुइब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सगळ्या क्षेत्रांची चित्रे नव्याने केली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केली.

त्यांनी वापरलेल्या प्रणालीचे नाव स्पॅम. अशा प्रणालीला पाइपलाइन म्हणतात. एका टोकाने कच्चे आकडे आत जातात आणि दुसऱ्या टोकाने चित्र बाहेर येते. मधे जे घडते ते थोडक्यात असे. आधी ढोबळ दुरुस्ती करून कामचलाऊ चित्र काढायचे. त्यातले तेजस्वी स्रोत हेरायचे. एक स्रोत सोडून बाकीचे सगळे डेटामधून वजा करायचे, म्हणजे तो एकटाच उरतो. त्याच्या दिशेने प्रत्येक डिशला किती विलंब झाला ते मोजायचे. मग पुढचा स्रोत. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे, म्हणून या पायरीला 'सोलणे' असेच म्हणतात. या सगळ्या मोजमापांवरून दुर्बिणीवरच्या आयनांबराचा क्षणाक्षणाचा नकाशा बसवायचा. त्या नकाशातून क्षेत्राच्या प्रत्येक भागाची दुरुस्ती काढून पुन्हा चित्र करायचे. आता चित्र अधिक स्वच्छ, म्हणून हेरलेल्या स्रोतांच्या जागा अधिक नेमक्या, म्हणून नकाशा अधिक चांगला. पुन्हा तेच.

मला यातली सर्वांत हुशारीची वाटते ती एक छोटी पायरी. चित्र तयार झाल्यावर त्यातले सगळे ओळखीचे स्रोत वजा केले तर मागे एकसारखी बारीक खरखर उरायला हवी. तिथे तिरके पट्टे दिसले, तर गणित उलट फिरवून ते पट्टे कोणत्या डिश-जोडीच्या कोणत्या वेळच्या आकड्यांमुळे आले हे शोधता येते, आणि तेवढेच आकडे बाद करता येतात. चूक आकड्यांच्या ढिगात लपते, चित्रात उघडी पडते.

५३३६ पैकी ९५ टक्क्यांहून अधिक क्षेत्रांची चांगली चित्रे मिळाली. संपूर्ण आकाशाचा ९० टक्के भाग, सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोत आणि बहुतेक ठिकाणी दोन विकलांपेक्षा चांगली जागेची अचूकता. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. युरोपातल्या लोफार या दुर्बिणीची पाइपलाइन आपल्या क्षेत्राची पहिली ढोबळ दुरुस्ती करताना आकाशाचा जो नकाशा हाताशी घेते, तो हाच खोडदचा.

## मग रेल्वेचे काय बिघडले?

आयनांबराची दुरुस्ती जमते, कारण ते लहरीला वाकवते, पुसून टाकत नाही. विलंब उलटा फिरवला की लहर परत मिळते. मानवनिर्मित गोंगाटाचे तसे नाही. वीजवाहक तारांवरची ठिणगी, मोबाइल मनोरा, दूरचित्रवाणी, उपग्रह यांचे संकेत खगोलीय संकेतांच्या मानाने प्रचंड बलवान असतात आणि त्यांच्यात मिसळून येतात. त्यांवर संगणकाचा मुख्य उपाय अगदी साधा आहे: ते आकडे फेकून द्यायचे. ठरावीक वारंवारतेवरचा गोंगाट असेल तर तो पट्टा जातो, क्षणभराची ठिणगी असेल तर तो क्षण जातो. फेकलेल्या डेटाबरोबर आकाशाची माहितीही जाते. थोडी गेली तर भागते. गोंगाट सतत आणि रुंद पट्ट्यावर असेल तर फेकून उरणार काय?

न फेकता गोंगाट वजा करण्याची एक सुंदर पद्धत आहे आणि तीही पुण्यातली. 'आयसर' या विज्ञानसंस्थेतले रमणा अत्रेय यांनी २००९ मध्ये ती मांडली. (हे गृहस्थ पक्षीनिरीक्षकांनाही माहीत आहेत, अरुणाचलात बुगुन लिओसिकला हा नवा पक्षी यांनीच शोधला.) पृथ्वी फिरते तसे आकाशातले स्रोत सरकतात. दुर्बीण त्या सरकण्याची भरपाई करते, म्हणून डेटामध्ये आकाश स्थिर दिसते आणि जमिनीवर ठाण मांडून बसलेला गोंगाट मात्र ठरावीक वेगाने फिरताना दिसतो. त्या वेगावरून तो ओळखायचा आणि तेवढाच वजा करायचा.

पण या पद्धतीची अट पाहा. गोंगाटाचा स्रोत एका जागी हवा आणि निदान काही मिनिटे त्याचे बल तेच हवे. गळती असलेला विजेचा खांब यात बसतो. ताशी शेकडो किलोमीटरने धावणारी, तारेवरून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफमधून ठिणग्या उडवणारी, क्षणोक्षणी जागा आणि जोर बदलणारी विजेची गाडी यात बसत नाही. शिवाय गाडी चालते म्हणजे तिची संपर्कयंत्रणाही चालते. २०२१ मध्ये केंद्राने रेल्वेला तिच्या स्वतःच्या संपर्कासाठी ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ जागा दिली. आधुनिकीकरणानंतरच्या जीएमआरटीचा एक मुख्य पट्टा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ असा आहे.

तिसरी गोष्ट त्याहून वाईट. संकेत फारच बलवान असला तर डिशवरचा संवेदनशील रिसीव्हरच गुदमरतो. मग बिघाड त्या एका वारंवारतेपुरता राहत नाही, सगळाच पट्टा विकृत होतो. ही विकृती आकडे नोंदवण्याच्या आधीच झालेली असते, त्यामुळे नंतर कितीही हुशार पाइपलाइन आणली तरी तिच्या हाती खरा संकेत येतच नाही.

रेल्वे कुठून न्यावी हा निर्णय शेवटी सरकारचा आणि लोकांचा. दुर्बिणीभोवती उद्योग आणि रेडिओ उपकरणांवरचे निर्बंध या भागाने वर्षानुवर्षे सोसले आहेत, आणि त्याचा मोबदला कोणी मागितला तर तो रास्तच आहे. पण 'संगणक बघून घेईल' हा मुद्दा त्या वादात टिकत नाही.

## इतके वजा-बाकी करून उरलेले चित्र खरे कशावरून?

आपल्याच चित्रावरून आपलीच दुरुस्ती करायची, मग त्या दुरुस्तीने नवे चित्र काढायचे. यात संगणक स्वतःच्याच कल्पनेला पुरावा मानत नाही ना? शंका अगदी योग्य आहे. कामचलाऊ चित्रात चुकून एखादा खोटा स्रोत शिरला, तर पुढच्या फेऱ्या त्याला पक्का करू शकतात, आणि उलट एखादा अंधूक खरा स्रोत दाबूही शकतात. म्हणून यादीत नाव घालताना कडक निकष लावला: आजूबाजूच्या खरखरीच्या सरासरी पातळीच्या किमान सातपट तेज असेल तरच स्रोत मानायचा. लाखो अंधूक खरे स्रोत त्यामुळे बाहेर राहिले असतील. राहू देत, यादी विश्वासार्ह झाली.

दुसरी परीक्षा बाहेरची. अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीने १४०० मेगाहर्ट्झवर केलेल्या सर्वेक्षणांशी जागा ताडून पाहिल्या. ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए दुर्बिणीच्या ग्लीम सर्वेक्षणाशी तेज ताडले, आणि इथे मात्र गडबड सापडली. काही भागांत एका पट्ट्यातले सगळेच स्रोत सारख्या प्रमाणात जास्त किंवा कमी तेजस्वी नोंदले गेले होते. एका सत्रातल्या क्षेत्रांचे तेज एखाद-दुसऱ्या प्रमाण-स्रोताच्या, म्हणजे तेज आधीच ठाऊक असलेल्या स्रोताच्या, आधारे ठरते. तिथले मोजमाप हुकले की त्या सत्रातले सगळे सारखेच हुकते. एकेक चित्र पाहणाऱ्याला त्यात काहीही वावगे दिसत नाही.

याचा परिणाम किरकोळ नव्हता. आपली सूर्यमाला विश्वात सरकत असल्याने सरकण्याच्या दिशेला रेडिओ स्रोत किंचित जास्त मोजले जायला हवेत. टीजीएसएसच्या यादीवरून काहींनी हा फरक मोजला तर तो अपेक्षेच्या कित्येक पट निघाला. विश्वाविषयीच्या मूलभूत समजुतीलाच धक्का बसावा अशी ही गोष्ट. पुढच्या तपासणीत बराच संशय याच तेजाच्या मोजमापावर गेला. माणूस हाताने चित्रे करतो तेव्हा त्याच्या चुका विखुरलेल्या असतात, म्हणून एकमेकींना खोडतात. यंत्राची चूक शिस्तबद्ध असते आणि त्यामुळे ती शोधासारखी दिसू शकते.

## आता एआय आहे ना!

आहे, आणि वापरही होतो. लाखो ठिपक्यांतून एकेकटे कोणते, एकाच आकाशगंगेच्या दोन बाजूंना फुगलेले जोडीदार कोणते, हे वर्गीकरण शिकवलेली यंत्रे बऱ्यापैकी करतात. पण शिकवण्याच्या नमुन्यात जे नव्हते ते समोर आले की ती बहुधा ते ओळखीच्याच खान्यात ढकलतात. म्हणून डोळे अजून लागतात. भारतात डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला रॅड-ॲट-होम हा उपक्रम विद्यार्थ्यांना आणि हौशी नागरिकांना टीजीएसएससारख्या सर्वेक्षणांची चित्रे वाचायला शिकवतो. आरएडी-१२ ही आकाशगंगा त्यातूनच नजरेस आली. तिच्यातून निघालेला झोत शेजारच्या आकाशगंगेवर आदळतो आणि पुढे जाण्याऐवजी परत फिरून छत्रीसारखा फुगा करतो. जीएमआरटीने तिची निरीक्षणे घेतली आणि २०२२ मध्ये शोधनिबंध आला.

चित्रे करण्याचे साधनही आता मूठभरांपुरते नाही. रुता काळे आणि ईश्वर चंद्र या एनसीआरएतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये 'कॅप्चर' नावाची पाइपलाइन खुली केली. आधुनिक जीएमआरटीचा डेटा घेऊन एखाद्या महाविद्यालयातला विद्यार्थीही बऱ्या संगणकावर चित्र करू शकतो.

## कच्चा डेटा जपायचा की नाही?

हा प्रश्न आतापर्यंत फारसा उद्भवला नव्हता. लोफारच्या सर्वेक्षणाचा २०२२ मधला दुसरा टप्पा उत्तर गोलार्धाच्या आकाशाचा फक्त २७ टक्के भाग व्यापतो आणि तरी त्यात सुमारे ४४ लाख स्रोत आहेत. तिथवरही कच्चा डेटा, जड झाला तरी, साठवता आला.

एसकेए या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातली, पश्चिम ऑस्ट्रेलियात उभी राहणारी एसकेए-लो ही दुर्बीण वेगळ्या मापाची आहे. नाताळच्या झाडासारख्या दिसणाऱ्या १,३१,०७२ अँटेना तिच्यात असतील. मार्च २०२५ मध्ये तिचे पहिले चित्र आले तेव्हा त्यांतल्या जेमतेम १,०२४ चालू होत्या आणि तेवढ्यांनीही सुमारे ८५ आकाशगंगा दाखवल्या. भारत या प्रकल्पात आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आणि एनसीआरएचा त्यात मोठा वाटा आहे. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एसकेएच्या दोन्ही दुर्बिणी पूर्ण झाल्यावर वर्षाला सुमारे ७०० पेटाबाइट डेटा संग्रहात जाईल असा अंदाज आहे. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट. आणि ही छाटून उरलेली माहिती आहे. डिश आणि अँटेनांच्या जोड्यांचे मूळ आकडे इतके जास्त असतील की बहुतांश ते चित्र झाल्यावर पुसून टाकावे लागतील.

टीजीएसएसचे काम इंटेमाला नव्याने करता आले, कारण २०१० ते २०१२ चे आकडे पुण्याच्या संग्रहात जसेच्या तसे होते. दहा वर्षांनी कोणाला आयनांबराचा अधिक चांगला नकाशा बसवता आला, तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू शकतो. एसकेए-लोच्या बहुतेक चित्रांना ही सोय नसेल. तिथे पाइपलाइनने ज्या रात्री जे ठरवले, तेच त्या आकाशाचे चित्र म्हणून उरेल. म्हणून तिच्यावर काम करणाऱ्या गटांचा बराचसा वेळ सध्या खोट्या आकाशांवर जातो आहे: संगणकातच बनवलेले, उत्तर आधीच ठाऊक असलेले आकाश पाइपलाइनमधून काढायचे आणि दुसऱ्या टोकाने काय बाहेर येते ते पाहायचे.